रायफल खराब की हात हलतो? आधी टेकू बघा, मग पैसे घाला

कोल्हापूर : राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. असे यश पाहून गावाकडची पोरंही नेमबाजीकडे वळतात. बऱ्याचदा सुरुवात जुन्या एअर रायफलवर होते. नेम चुकू लागला की घरात एकच प्रश्न, रायफल बदलायची का? उत्तर मिळण्यासाठी आधी रायफल पक्क्या टेकूवर ठेवून तपासावी लागते.

टेकू कशासाठी?
१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. श्वास आणि नाडीच्या ठोक्यानेही नेम त्याहून जास्त सरकतो. टेकूमुळे हाताची चूक बरीच कमी होते आणि रायफलचा खरा दोष दिसतो. स्पर्धेत मात्र टेकू चालत नाही.

कोणता घ्यावा?
वाळूच्या पिशव्या : सर्वात स्वस्त. जुन्या जीन्सच्या पायात कोरडी, चाळलेली वाळू भरून दुहेरी शिलाई मारावी. एक पिशवी पुढे, दुसरी दस्त्याखाली.
स्क्रूचा स्टँड : उंची बारीक वर-खाली करता येते. वजनदार असावा, हलका स्टँड सरकतो.
बायपॉड : पुढचा भाग टेकतो, पण मागे पिशवी लागतेच.
शिकंजा : रायफल घट्ट आवळतो. गोळ्यांच्या वेगवेगळ्या बॅच तपासायला वापरतात. स्प्रिंगच्या एअर रायफलला मात्र तो नको. तिला पुढे-मागे दोन्हीकडे झटका बसतो, आवळली तर छर्रे भलतीकडे जातात. ती पिशवीवर ठेवलेल्या तळहातावर सैल धरावी.

काय टाळावे?
नळी कधीही टेकूला लावू नये, पुढचा लाकडी भागच टेकवावा. टेबल डुगडुगणारे नको. बाज, गाडीचे बोनेट तर नकोच. प्रत्येक वेळी रायफल त्याच जागी टेकवावी.

मोजायचे कसे?
एकाच डब्यातले पाच छर्रे एकाच बिंदूवर मारावेत. सर्वात लांबच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजून त्यातून ४.५ मिमी वजा करावेत. १२ मिमी आले तर ग्रुप साडेसात मिमीचा. असे चार-पाच कागद करावेत, एका कागदावर निकाल लावू नये. ग्रुप लहान पण बाजूला पडत असेल तर फक्त साईट फिरवावी. पसरत असेल तर आधी स्क्रू कसून घ्यावेत, मग दुसऱ्या कंपनीचे छर्रे लावून बघावेत. टेकूवर ग्रुप चांगला आणि उभे राहून पसरतो, तर रायफल ठीक आहे. कमी पडतो तो सराव.

चाचणी रेंजवरच, प्रशिक्षकासमोर करावी. परवान्याची रायफल शेतात वाजवू नये. एअरगनने पाखरं मारणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.