उपनगरांतील नागरिकसभा व त्यांचें दप्तर

मराठेशाहींतील महजर ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस त्यांची मांडणी परिचित आहे. आरंभीं मिती; मग ‘हाजीर मजालस’ या मथळ्याखालीं जमलेल्या मंडळींचीं नांवें; पुढें वादी-प्रतिवादींच्या तकरीरी, साक्षी, आणि शेवटीं निवाडा. पाटलाच्या नांवाशेजारीं नांगर, बलुतेदारांच्या नांवांशेजारीं ज्याच्या त्याच्या हत्याराची निशाणी. वाद ऐकण्यापूर्वीं निवाडा मान्य करण्याचा राजीनामा उभयपक्षांकडून घेत, आणि जो हरे त्याजकडून यजितखत लिहून घेत. गोतसभा उठे, परंतु तिचा कागद मागें राही; आणि तोच वाद पुढें पुन्हां उपस्थित झाल्यास जुना महजर पुढें ठेवला जाई. सभेचें बळ जमावांत नसून कागदांत असतें, ही गोष्ट संग्राहकांस निराळी सांगावयास नको. हीच कसोटी मुंबईच्या उपनगरांतील आजच्या नागरिकसभांस लावून पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

आंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर हीं सर्व साष्टी बेटावरील गांवें. साष्टी मराठ्यांनीं १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत पोर्तुगीजांकडून घेतली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ती बळकावली, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांजकडेच राहिली. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. परंतु तेव्हां हीं गांवें तिच्या हद्दीबाहेर होतीं. आंधेरी व घाटकोपर १९५० सालीं, आणि बोरिवली व मुलुंड १९५७ सालीं हद्दींत आलीं. अशा रीतीनें गांवच्या गटाराचा व रस्त्याचा निर्णय एका अवाढव्य शहराच्या कारभाराकडे गेला. रहिवासी व कचेरी यांमधील अंतर वाढलें.

तें अंतर कमी करण्याचा एक लक्षणीय प्रयत्न घाटकोपरांतच झाला. तेथील जोशी लेनमधील रहिवाशांनीं एकत्र येऊन, पालिकेच्या एन विभागाच्या सहकार्यानें, आपली गल्ली स्वच्छ राखण्याचें काम अंगावर घेतलें. ओला व सुका कचरा घरींच निराळा करावयाचा, ओल्याचें खत करावयाचें, आणि गल्लीच्या तक्रारी एकमुखानें विभाग कार्यालयांत मांडावयाच्या, ही ती पद्धति. १९९७ च्या सुमारास पालिकेनें तिचा स्वीकार करून ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ या नांवाखालीं ती शहरभर नेली. गल्लीगल्लींच्या समित्या बनल्या, व त्यांच्या प्रतिनिधींनीं विभागाच्या सहाय्यक आयुक्तांसमोर बसून प्रश्न मांडण्याचा परिपाठ पडला. याच्या थोडें आधीं, १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें तीन लक्ष व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या नेमण्याचें बंधन घातलें होतें. तिचा अंमल १ जून १९९३ पासून सुरू झाला. परंतु मुंबईंतील एकेका प्रभाग समितीखालीं लक्षावधि लोक येतात. गल्लीची सभा ती गल्लीचीच.

आतां तुलना करूं. उपस्थितीपत्रक हें आजचें ‘हाजीर मजालस’ होय, व तक्रारअर्ज ही तकरीर. परंतु राजीनामा व यजितखत यांच्या जागीं कांहींच नाहीं. गोतसभेंत ऐकणारे व ठरविणारे एकच होते. येथें लोक सांगतात व कचेरी ठरविते. अमुक काम अमुक मुदतींत न झाल्यास चूक आमची, असें लिहून देण्याचें बंधन कोणावर नसतें. अधिकारी बदलला कीं तोंडीं वचन त्याजबरोबर जातें. ७ मार्च २०२२ रोजीं महानगरपालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हां गल्लीच्या सभेस नगरसेवकाचाही आधार उरला नाहीं. अशा वेळीं नागरिकांच्या हातीं राहतो तो एकच दस्तऐवज: कचेरीचा शिक्का व आवक क्रमांक पडलेली अर्जाची पोच.

याचा अर्थ गोतसभा सर्वथा श्रेष्ठ होती असा नव्हे. महजरांत महारांची निशाणी आढळते, पण तिनें मजलशींतील उच्चनीचभाव लोपत नसे. आणि स्त्रियांचीं नांवें क्वचितच येतात. आजच्या पत्रकावर कोणासही सही करतां येते. तथापि गल्लीसमित्यांचा मुख्य आधार इमारतींच्या गृहनिर्माण संस्था हाच राहिला. शेजारच्या झोपडवस्तीचा आवाज त्यांत अल्पच उमटला. कोण हजर होतें, याइतकेंच कोण हजर नव्हतें, हेंही उपस्थितीपत्रकावरूनच कळावयाचें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. हे कागद सरकारी दप्तरखान्यांत शोधून पुरणार नाहीं. ते संस्थांच्या चिटणिसांच्या कपाटांत असावयाचे, आणि जुन्या इमारती पाडून नव्या उठत असतां अशीं कपाटें रद्दीवाल्याकडे जाण्यास एक दिवस पुरतो. शिवाय १९९७ चा कागद कोणास जुना वाटत नाहीं, हाच त्यास मोठा धोका. उपस्थितीपत्रकें, इतिवृत्तें व पोचा यांच्या नकला घ्याव्या, मिती व गल्ली नोंदवावी, व जमल्यास मूळ कागद मिळवावे. आपल्या पूर्वजांनीं पेटींत जपलेल्या महजरांवर आपण ग्रामसंस्थांचा इतिहास लिहिला. नगराचा इतिहास लिहिणारास तसें साधन ठेवणें हें आतां आपलें काम आहे.