रोहित पक्ष्याचे बिऱ्हाड

देहूरोडच्या उत्तरेस इंद्रायणी व दक्षिणेस पवना वाहते. इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते; पवना दापोडीपाशी मुळेत शिरून पुढे मुळा-मुठेच्या वाटेने त्याच भीमेत जाते. मावळातील पावसाचे हे पाणी अखेर उजनीच्या जलाशयात पोहोचते आणि त्याच्या काठी, भिगवण-कुंभारगावच्या उथळ भागात, हिवाळ्यात लांब पायांचा एक गुलाबी पाहुणा उतरतो. तो रोहित पक्षी होय. त्यास अग्निपंख असेही म्हणतात. ग्रीकांनी दिलेल्या नावाचा अर्थही ‘किरमिजी पंखांचा’ असाच आहे, ही मोठी मौजेची गोष्ट. रोमन धनिकांना मात्र पंखांपेक्षा त्याच्या जिभेची गोडी अधिक होती!

ती जीभ खाद्य म्हणून नव्हे, तर यंत्र म्हणून पाहण्याजोगी आहे. रोहित मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवितो. जीभ दट्ट्याप्रमाणे मागेपुढे होऊन पाणी आत ओढते व बाहेर लोटते. चोचीच्या कडांवरील बारीक पात्यांच्या चाळणीत अन्न तेवढे अडकते. थोरला रोहित चिखलातील लहानसहान जीव वेचतो, धाकटा मुख्यत्वे सूक्ष्म शेवाळावर जगतो. अंगाचा रंगही या अन्नातूनच येतो. या दोन्ही जाती आफ्रिकेत आहेत, तशाच भारतातही आहेत.

असा हजारोंनी दिसणारा पक्षी अंडी कोठे घालतो, हे मात्र फार काळ कोडेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कच्छचे राव खेंगारजी यांच्यामुळे मोठ्या रणातील वसाहतीची वार्ता विद्वानांस कळली. १९४५ च्या एप्रिलमध्ये सालिम अली उंटावरून तेथे गेले, तेव्हा त्यांस चिखलाच्या लाखावर घरट्यांची नगरी आढळली. प्रत्येक घरटे म्हणजे वर खळगा असलेला मातीचा बुटका ढीग आणि त्यात बहुधा एकच अंडे. सभोवती पाणी पुरेसे नसेल तर कोल्ह्यांसारखे शत्रू चालत येतात. जास्त झाले तर घरटीच बुडतात. रणात पाऊस बेताचा न पडल्यास सारा हंगाम वाया जातो, तो यामुळेच.

आफ्रिकेतील धाकट्या रोहिताचे कोडे १९५४ साली सुटले. केनियाच्या शेतीखात्यातील अधिकारी लेस्ली ब्राऊन यांना टांगानिकातील नेट्रॉन सरोवरावर विमानातून ती वसाहत दिसली. पायी जवळ जाण्याचा हट्ट त्यांस भोवला. सोड्याच्या दाहक चिखलाने पाय होरपळून त्यांस इस्पितळ गाठावे लागले. ज्या चिखलात मनुष्याची ही दशा होते, तोच पिलांचा तट होय. पण तो तटही बेभरवशाचा. १९६२ साली मगादी सरोवरावर पिलांच्या पायांभोवती सोड्याची कडी घट्ट जमली आणि माणसांनी ती फोडून हजारो पिलांची सुटका केली.

उजनीची गोष्ट निराळी. हे धरण १९८० साली पुरे झाले. त्यात भीमाकाठची गावे व शेते बुडाली. पळसदेवाचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजेच वर येते. मनुष्याच्या या हानीवर रोहिताचे कुरण उभे आहे, हे बोलावयास कडू असले तरी खरे आहे. कालव्यांतून व नदीतून पाणी सोडले जाऊन पातळी उतरू लागली, की रोहितास गुडघाभर पाण्याचा चिखल मिळतो. भरल्या जलाशयाचा त्यास काडीचाही उपयोग नाही. म्हणजे सोलापूरकडे पाणी केव्हा सोडावयाचे, या निर्णयावर त्याचा मुक्काम अवलंबून असतो, आणि वरच्या शहरांचे सांडपाणी नद्यांतून वाहत येऊन त्याच्याच ताटात पडते.

येथे तो केवळ चरावयास येतो. त्याच्या थव्यात कित्येकदा करड्या अंगाचे पक्षीही असतात. ती अद्याप रंग न चढलेली पिले होत. अंड्यातून निघताना त्यांची चोच सरळ असते, ती पुढे हळूहळू वाकते. चाळणी तयार होईपर्यंत आईबाप आपल्या घशातील लाल रस पाजून त्यांस वाढवितात.