सात व्यासाचं चाक

परवा अंजनवेलला घरासमोरच्या खळ्यात भाच्याच्या खेळण्यातल्या ट्रकचं चाक काढलं. व्यास बरोब्बर ७ सेंमी. काठावर खडूची खूण केली आणि जमिनीवर एक फेरा फिरवला. अंतर भरलं २१.५. दुसऱ्यांदा २२.५. पठ्ठ्याने वहीत लिहिलं २२! "मामा, पुस्तकात २२/७ आहे ना!"

गंमत म्हणजे ७ व्यासाचं हेच उदाहरण भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) आहे. तिथे परीघ काढायच्या दोन रीती आहेत. ३९२७/१२५० ने सूक्ष्म, म्हणजे २१.९९१२, आणि २२/७ ने स्थूल, व्यवहारापुरता, २२. त्याआधी इ.स. ४९९ मध्ये आर्यभटांनी आपल्या ६२८३२/२०००० ला 'आसन्न', म्हणजे जवळपासचं, म्हटलं होतं. (दोन्ही अपूर्णांक एकच. १६ ने भागून बघा!)

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. त्या मठाच्या दानाचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणादेवीला आहे.

असो. भाच्याला २२ खोडायला लावलं. मग दहा फेरे फिरवून दहाने भागलं. आलं २१.९. तेच वहीत राहू दिलं. उत्तर जवळपासचं आहे हे सांगायला आर्यभट लाजले नाहीत, आपण कशाला लाजायचं?