भिंत नसलेला तुरुंग कसा छापायचा

औंधला येणारा माणूस एक तर यमाईच्या दर्शनाला आलेला असतो, नाही तर संग्रहालय बघायला. दोन्ही एकाच डोंगरावर आहे. वर मूळपीठाची देवी आणि वाटेत उतारावर १९३८ साली उभं राहिलेलं श्री भवानी संग्रहालय. खटाव तालुका हा पावसाची वाट बघणाऱ्यांचा तालुका. तिथल्या एका लहानशा गावात राजा रविवर्म्याची सैरंध्री आहे, धुरंधरांची चित्रं आहेत, हस्तिदंतावरचं बारीक कोरीवकाम आहे, आणि हेन्री मूरनं दगडात घडवलेली आई आणि तिचं मूलसुद्धा आहे. शाळेची सहल घेऊन मी तिथे जाते तेव्हा मुलांना या मूरच्या शिल्पापाशी जास्त वेळ थांबवते. मूर्ती म्हटली की नाक-डोळे हवेतच, अशी त्यांची समजूत असते. ती तिथे पहिल्यांदा हलते.

हे सगळं जमवलं ते भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. जन्म १८६८चा, औंध संस्थानच्या गादीवर आले १९०९ साली. डेक्कन कॉलेजातून बी.ए. झालेला, सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेला, कीर्तनाला उभा राहणारा आणि स्वतः कुंचला धरणारा हा राजा. त्यांचं चित्ररामायण १९१६ साली छापून निघालं. अजिंठा आणि वेरूळ या दोन्हींवर त्यांनी पुस्तकं लिहिली. पंडित सातवळेकरांना त्यांनी औंधात आणून वसवलं. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण सातवळेकरांना ओळखतो, पण ते मुळात मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार होते आणि लाहोरला त्यांचा स्टुडिओ होता. दुष्काळी मुलखातल्या इतक्या लहान संस्थानात चित्रकलेला एवढा मान होता, याचं मला आजही अप्रूप वाटतं. माझ्यासारखी आटपाडीकडची मुलगी एलिमेंटरी-इंटरमिजिएट देऊन चित्रकलेची शिक्षिका झाली, त्याच्या मुळाशी लहानपणी पाहिलेल्या या दालनांचा वाटा मोठा आहे.

पण पंतांच्या चित्रांत राम आहे, सीता आहे, मारुती आहे. त्यांच्या राज्यात जे घडलं, त्यांनी स्वतः जे घडवून आणलं, ते कुणी रंगवायचं? या एका प्रश्नापायी गेली काही वर्षं मी लिनोकटची एक मालिका करते आहे. हे लिहायला बसले ते तिच्यासाठीच.

पहिला ठसा नकाशाचा. औंध म्हणजे बहात्तर गावांचं संस्थान, हे आमच्याकडे लहान पोरंही सांगतात. पण ही बहात्तर गावं सलग नव्हती. औंध इकडे, आटपाडी पार तिकडे माणदेशात, कुंडल कृष्णेच्या बाजूला, आणि थोडी गावं थेट विजापूरकडे. मधे सगळा इंग्रजी मुलूख, नाही तर दुसरी संस्थानं. म्हणजे राजाला आपल्याच राज्यातून आपल्याच राज्यात जायला परक्या हद्दीतून जावं लागायचं. कागदावर हे संस्थान फुटलेल्या बांगडीच्या काचांसारखं दिसतं. लिनोत जेवढं कोरून काढलं तेवढं पांढरं उमटतं आणि ठेवलं ते काळं. म्हणून मी औंधचे तुकडे तेवढे राखले आणि भोवतालचा सगळा मुलूख कोरून टाकला. या पद्धतीचं काम मनगटाला फार जड जातं. पण इतिहासाच्या पुस्तकातल्या नकाशात औंध हा एक ठिपका असतो. इथे पानभर पांढऱ्यात फक्त औंधच उरतं. तेवढा मान या बहात्तर गावांना एकदा तरी मिळायला हवा होता.

या विखुरलेपणाचे परिणामही पुढे दिसले. कुंडलच्या शेजारचा ओसाड माळ पंतांनी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला आणि त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ४२च्या चळवळीत हेच कुंडल प्रतिसरकारचं मोठं ठाणं झालं. इंग्रजी हद्द आणि संस्थानी हद्द इतकी गुंतलेली असली की भूमिगतांना एका हद्दीतून दुसरीत सरकायला रात्र पुरते.

दुसऱ्या ठशात माझा जास्त जीव गुंतलेला आहे. त्यात आहे १९३९चा जानेवारी. पंतांचे चिरंजीव आप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परत आले होते. मॉरिस फ्रिडमन नावाचा एक पोलिश ज्यू अभियंता बंगळूरची कारखान्याची नोकरी करता करता गांधीजींकडे ओढला गेला होता आणि भारतानंद हे नाव घेऊन राहत होता. निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं पुढे इंग्रजीत नेली ती त्यानंच. या दोघांनी पंतांपुढे विचार मांडला की राज्य लोकांना देऊन टाकावं. पंत सत्तरीचे. ते तयार झाले. सेवाग्रामला गांधीजींशी बोलणी झाली आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य घटना अमलात आली. गावानं पाच पंच निवडायचे, गावपंचायतींतून तालुक्याची समिती, तिच्यातून संस्थानचं विधिमंडळ. महसुलाचा मोठा वाटा गावाकडेच राहणार आणि किरकोळ तंटे गावातच मिटणार. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती, आणि पंचायत राज हे शब्द सरकारी कागदावर यायला त्याहून बरीच जास्त.

या घटनेचं चित्र काढायचं म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो दरबार. सिंहासन, पगड्या, हातातून हातात जाणारा कागद. असं चित्र धुरंधरांनी उत्तम काढलं असतं. मला ते नको होतं. माझी नजर अडली ती गांधीजींच्या एका आग्रहावर. मत देणारा माणूस साक्षर असला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. आज हे आपल्याला खटकतं. मलाही खटकतं, कारण माझ्या दोन्ही आज्या निरक्षर होत्या आणि शहाणपणात कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पण या अटीची दुसरी बाजूही बघावी. ज्या खेड्यात पाटील-कुलकर्ण्यांपलीकडे अक्षर पोचलं नव्हतं, तिथल्या पन्नाशीच्या शेतकऱ्यापुढे पाटी आली, आणि त्या पाटीच्या टोकाला राज्य होतं.

म्हणून माझ्या चित्रात दरबार नाही. कंदील आहे, पाटी आहे, आणि पाटीवर स्वतःचं नाव गिरवणारा, बोटांना भेगा पडलेला हात आहे. ठशावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तरच कागदावर ती सुलटी उमटतात. देवनागरी उलटी कोरताना हात लहान मुलासारखा अडखळतो, काना कुठल्या बाजूला हे प्रत्येक वेळी थांबून बघावं लागतं. पहिल्यांदा अक्षर गिरवणाऱ्याच्या हाताचं चित्र काढायला याहून योग्य माध्यम नाही, अशी माझी खात्री आहे. छापताना मी मशीन वापरत नाही. कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घासते, म्हणजे प्रत्येक छापेत शाई थोडी कमीजास्त बसते. पाटीवरच्या पेन्सिलीच्या रेघाही अशाच बसतात.

आता स्वतंत्रपूर. आटपाडीजवळचा माळ. पंतांच्या राज्यात १९३९ मध्येच, फ्रिडमनच्या पुढाकारानं, इथे खुली वसाहत सुरू झाली. जन्मठेपेचे कैदी, त्यांत खुनाच्या गुन्ह्यातलेही, इथे शेती करायचे. भोवती भिंत नाही. पुढे बायकामुलांनाही सोबत राहता येऊ लागलं. ही वसाहत आजही चालू आहे. माझ्या माहेरच्या माणसांना तिचं काही विशेष वाटत नाही. तिकडची भाजी, तिकडची माणसं, तिकडचा रस्ता असं सहज बोललं जातं. जगात ज्याची चर्चा व्हावी अशी गोष्ट आमच्याकडे शेजारधर्मात मिसळून गेली आहे.

ही गोष्ट कलेत आली ती आमच्याच मातीतल्या माणसाकडून. ग. दि. माडगूळकर मूळचे माडगूळचे, म्हणजे आटपाडीकडचे, आणि शिकायला औंधला. त्यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला. सहा खुनी कैदी, एक जेलर आणि ओसाड जमीन. बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश. त्यांनी ‘बनगरवाडी’त याच संस्थानातली एक मेंढरांची वस्ती उभी केली. तिथे एक पोरसवदा मास्तर तालीम बांधायच्या मागे लागतो आणि राजा त्या आडवाटेच्या वस्तीवर येतो. व्यंकटेशांचा हात चित्रातही चालायचा. त्यांच्या गद्यात माळ, मेंढरं, ऊन जे दिसतं ते रेघेनं काढल्यासारखं दिसतं, आणि माझ्या रेघेवर कुठल्याही चित्रकारापेक्षा त्यांचा प्रभाव जास्त आहे. मला हेही महत्त्वाचं वाटतं की औंधच्या इतिहासातून निघालेल्या या दोन्ही कलाकृती राजधानीतून आल्या नाहीत. त्या आल्या संस्थानाच्या सगळ्यात कोरड्या कोपऱ्यातून.

स्वतंत्रपूरचा ठसा करताना शांतारामांचा चित्रपट डोळ्यांपुढून हलवणं अवघड होतं. भिंत नाही हे चित्रात दाखवायचं कसं? जे नाही ते कोरता येत नाही. तुरुंगाचं चित्र काढा म्हटलं तर कुठलंही मूल आधी उभ्या रेघा ओढतं, गजांच्या. त्यावरून मला वाट सापडली. या ठशात एकही उभी रेघ ठेवायची नाही असं ठरवलं. नांगरटीचे तास आडवे, माळाची कड आडवी, वाकून काम करणाऱ्या माणसांच्या पाठी आडव्या, त्यांच्या संध्याकाळच्या सावल्याही आडव्या. सबंध चित्रात उभी आहे ती फक्त एक बाई, डोक्यावर पाटी घेऊन भाकरी आणणारी. तिच्या नवऱ्याच्या शिक्षेत ती आपण होऊन राहायला आली आहे. आटपाडीत ही छाप दाखवली तेव्हा एका म्हाताऱ्या काकांनी ती हातभर लांब धरली आणि म्हणाले, ‘‘पोरी, मोट कुठाय? मोटेबिगर बागाईत कशी व्हईल?’’ मी नवा लिनो घेतला आणि मोट घातली. मोटेचे खांब उभे असतात, म्हणून बैल धावेवरून उतरतानाचे घेतले आणि विहीर चौकटीच्या बाहेर ठेवली. आता मोट आहे आणि उभी रेघ तेवढी त्या बाईचीच आहे.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि तो प्रयोग तिथेच थांबला. नऊ वर्षांत काय साधलं, काय राहून गेलं, याचा हिशेब इतिहासकारांनी मांडावा. मला त्यातल्या माणसांचे हात हवे आहेत.

सध्या हाती घेतलंय ते जुनं प्रकरण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला औंधच्याच परशुराम श्रीनिवास प्रतिनिधींना दुसऱ्या बाजीरावाच्या काळात कैदेत टाकलं गेलं, तेव्हा त्यांना सोडवलं ताई तेलिणीनं. पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याशी झालेल्या लढाईत प्रतिनिधी जखमी होऊन पकडले गेले, तरी ताई वासोट्यावर ठाण मांडून बसली. आठ महिने तिनं किल्ला लढवला. धान्याच्या कोठाराला आग लागली तेव्हाच तो हातचा गेला. लोकांच्या तोंडी तिच्यावरची उखाण्यासारखी रचना अजून आहे, पण ती बापू गोखल्यांची फजिती सांगते. ताईचा चेहरा त्यात कुठे येत नाही. कॅलेंडरवर घोड्यावर बसलेल्या राण्या असतात, त्यांतली एक उचलून खाली ताईचं नाव लिहिणं मला जमणार नाही. ती तेलाच्या घाण्याच्या घरातली बाई. म्हणून मी तिला कोठारात उभी केली आहे, पायली हातात घेऊन धान्य मोजताना. आठ महिने किल्ला टिकवायचा म्हणजे तलवारीच्या आधी रोज हेच करावं लागलं असणार.

मालिका पुरी झाली की तिच्या छापा मी फ्रेम करून शहरात विकायला नेणार नाही. त्या काळी औंधच्या राज्यात असलेल्या गावांच्या ग्रामपंचायतींना देणार आहे, प्रत्येकीला त्या गावाशी नातं असलेला एक ठसा. काही ठिकाणी बोलणं झालंय. एका सरपंचबाईंनी विचारलं, आमच्या गावाचं काय काढणार? त्यांच्या गावाबद्दल मला अजून पुरेसं ठाऊक नाही, म्हणून मी त्यांच्याकडेच गावची जुनी दप्तरं मागितली आहेत. उन्हाळी सुट्टी लागली की तिकडे जाऊन बसायचं आहे.