एका विणकराकडे किती माग?



इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. रायगडाच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसांना ते साहजिकच आहे. परंतु कामालाही इतिहास असतो. एका माणसाच्या हाती किती यंत्रे द्यावीत, हा दिसायला अगदी लहान असा प्रश्न. पण त्याच्यावर लाखो लोकांच्या भाकरीचा निकाल लागलेला आहे, आणि त्यात महाड-पोलादपूरचा वाटा मोठा आहे. आज हाच प्रश्न संगणकाच्या क्षेत्रात नव्या वेषात उभा आहे. म्हणून जुन्या प्रश्नापासून सुरुवात करू.

आपल्या डोंगराळ भागातील भातशेती पावसावरची आणि तुकड्यांची. तीवर वर्षभर पोट भरत नसे. दासगावच्या बंदरातून, पुढे मोटारीने, घरटी एक माणूस मुंबईस जाई. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणीतून मुंबईत कापडधंद्याचे युग सुरू झाले. त्या युगाचे मनुष्यबळ रत्नागिरी, सातारा आणि आपला तेव्हाचा कुलाबा जिल्हा यांनी पुरविले. आणि नुसते हातच पुरविले असे नव्हे. ना. म. जोशी १८७९ मध्ये याच जिल्ह्यातील गोरेगावी जन्मले. महाडजवळच्या लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी १९२७ ची महाड परिषद उभारण्यात पुढाकार घेतला आणि पुढे मुंबईच्या कामगारवस्तीत आयुष्य घातले. चवदार तळे आणि गिरणगाव ही एकाच वाटेवरची दोन ठिकाणे आहेत, हे आपण पुष्कळदा विसरतो.

आता माग पाहा. मुंबईत एक विणकर सामान्यतः दोन माग सांभाळी. धोट्यातील कांडी संपली की बदलावी, ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून गाठ मारावी, कापडात खोट दिसली की मागे जावे, हे त्याचे काम. मजुरी कापडाच्या मापावर. जपानी कापडाची स्पर्धा वाढली तेव्हा मालकवर्गाने हिशेब मांडला की, एकाने तीन माग सांभाळले तर खर्च उतरेल. हिशेब सोपा होता. सहाशे मागांना दोनप्रमाणे तीनशे विणकर लागत. तीनप्रमाणे दोनशे पुरतात. उरलेले शंभर कोठे जाणार, हा रकाना त्या हिशेबात नव्हता.

कताईखात्यातही असाच दुप्पट कामाचा आग्रह सुरू झाला. एप्रिल १९२८ मध्ये गिरण्या बंद पडू लागल्या आणि सुमारे दीड लाख कामगारांचा संप ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने, चालला. संयुक्त संपसमितीत मवाळ जोशी आणि साम्यवादी श्रीपाद अमृत डांगे हे दोघे चिटणीस म्हणून एकत्र बसले. मे महिन्यात स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीत काम केलेले होते. संप फॉसेट समितीच्या चौकशीवर मिटला. १९२९ मध्ये समितीचा अहवाल आला, आणि जास्त यंत्रे सांभाळण्याची कल्पना तत्त्वतः तिने नाकारली नाही.

येथे आपण थोडे थांबले पाहिजे. कामगार अडाणी होते, यंत्राचे वैरी होते, असे सांगणारे लोक अजून भेटतात. पण कामगारांचे म्हणणे ऐकले तर त्यात उत्तम यंत्रज्ञान होते. ते म्हणत, प्रश्न मागांच्या संख्येचा नाही, सूत किती वेळा तुटते याचा आहे. हलका कापूस घालून काढलेले सूत घडोघडी तुटत असेल तर तिसरा माग म्हणजे तिसरी कटकट. चांगले सूत द्या, माग नीट ठेवा, आणि मग संख्येविषयी बोला. जपानात साकिची टोयोदा यांनी १९२४ मध्ये पुरा केलेला स्वयंचलित माग नेमके हेच सांगत होता. धागा तुटताच तो माग आपण होऊन थांबे. म्हणून एका माणसाला अनेक माग पाहता येत. जे यंत्र आपली चूक आपण ओळखून थांबते, तेच एकाच्या हाती अनेक देता येते. जे चुकीचे कापड विणीतच राहते, त्याच्याजवळ माणूस उभाच लागतो.

आता आजच्या गोष्टीकडे येऊ. प्रोग्रॅम लिहिणारी कृत्रिम बुद्धीची साधने २०२१ पासून लोकांसमोर आली. गिटहब कोपायलट हे त्यांतले एक आरंभीचे. पुढे कर्सर, क्लॉड कोड, कोडेक्स अशी बरीच आली. आरंभी ती ओळ पुरी करून देत. आता सांगितलेले संपूर्ण काम स्वतः करू पाहतात. त्यामुळे नवी व्यवस्था निघाली. एक प्रोग्रॅमर एकाच वेळी तीन-चार सहायक कामाला लावतो. एकाकडून आराखडा, दुसऱ्याकडून कोड, तिसऱ्याकडून त्याची तपासणी. ते एकमेकांच्या कामावर पाय देऊ नयेत म्हणून प्रत्येकाला मूळ कोडची वेगळी प्रत देतात, नियमांची एकच फाईल सर्वांना वाचायला लावतात आणि टेस्ट उत्तीर्ण झाल्यावरच काम मूळ प्रतीत मिळवितात. शेवटची सही माणसाची.

मित्रहो, ही टेस्ट म्हणजे टोयोदांच्या मागावरची थांबकळच नव्हे काय? ज्या कचेरीत टेस्ट भक्कम आहेत, काम लहान तुकड्यांत आणि स्पष्ट शब्दांत सांगितले जाते, तेथे एक माणूस अनेक सहायक सांभाळू शकेल. जेथे हे नाही तेथे तो चुकीचे कापड उलगडीत बसेल. उदाहरणादाखल धरा, प्रत्येक सहायक वीस मिनिटांनी काही विचारण्यास थांबतो. तीन सहायक असले तर माणसाचे लक्ष दर सात मिनिटांस मोडते. त्या सात मिनिटांत त्याने दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून समजून घ्यायचा. समजला नाही तरी सही त्याचीच!

कामाचा वेग मालकाच्या वा कामगाराच्या समजुतीवर मोजू नये, हेही दिसून आले आहे. मीटर या संशोधनसंस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांवर प्रयोग केला. साधने वापरताना त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला. आणि आपण २० टक्के लवकर काम उरकले असे त्यांना स्वतःला वाटत होते. प्रयोग लहान आहे, साधनेही झपाट्याने सुधारत आहेत. तेव्हा त्यावरून कायमचा निकाल देऊ नये. परंतु मोजल्याशिवाय माणसे कमी करू नयेत, एवढा धडा त्यातून निश्चित निघतो.

आणखी एक धडा महाडच्या माणसांनी विसरू नये असा आहे. गिरणीत कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे. उष्ट्याचा विटाळ होतो म्हणून अस्पृश्य कामगारांना विणकामाच्या चांगल्या मजुरीच्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. त्याचे तात्पर्य असे की, यंत्राजवळ कोण उभा राहणार, हे यंत्र ठरवीत नाही, समाज ठरवितो. आजही पहा. नवशिक्याची किरकोळ कामे सहायकांना दिली तर नवशिका शिकणार कोठे? पुण्या-मुंबईत ओळखी असलेल्याचा मुलगा कसाही आत शिरेल. पोलादपूरच्या वाडीवरून आलेल्या पदवीधर मुलीची पहिली पायरीच काढून घेतली जाईल. बदली कामगार दारावर उभा राहून का होईना, काम शिकत असे.

मग करावे काय? उत्तर नवे नाही. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार यांनी तीन गोष्टी मान्य केल्या : असलेल्या कामगारांची कपात किंवा वेतनात घट नको, कामाचा बोजा दोन्ही पक्षांना मान्य अशा तज्ज्ञांनी मोजावा, आणि फायद्याची वाटणी समाज, मालक व कामगार यांत न्याय्य व्हावी. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ मध्ये संगणकासंबंधी करार केला, तो यंत्रे सर्वत्र बसण्यापूर्वी. बँकांत संगणक आले, आणि ते वाटाघाटीच्या वाटेने आले. उलट १९८२ च्या गिरणीसंपानंतर गिरणगावाचे काय झाले, हे आपल्या घराघरांतील वृद्धांना विचारा. तेथे बोलणी करायला पुढे यंत्रेच उरली नाहीत.

म्हणून संगणकक्षेत्रातील तरुणांना माझे सांगणे एवढेच. सहायक वापरा, उत्तम वापरा. काम कमी श्रमात होत असेल तर त्यात पाप नाही. परंतु एका माणसाकडे किती सहायक, तपासणीला किती वेळ, चूक झाली तर जबाबदारी कोणाची, आणि दर वर्षी नवशिके किती घ्यायचे, हे चार प्रश्न कागदावर आणा, आणि एकट्याने नव्हे तर मिळून आणा. तुमच्या आजोबांनी तिसऱ्या मागाविषयी हेच विचारले होते. ते विचारायला त्यांना सहा महिने उपाशी राहावे लागले. तुम्हांला निदान त्यांचा इतिहास तरी हाताशी आहे.