इंग्लिश उद्यानांतील कृत्रिम गुहा

अठराव्या शतकातील इंग्लिश उद्यानांतील कृत्रिम गुहांना धनिकांची लहर समजून बाजूस सारण्याचा प्रघात आहे. तथापि निसर्गाचे अनुसरण हेच ज्या उद्यानकलेचे ब्रीद, तिने गुहेच्या ठिकाणी इतकी उघड कृत्रिमता का पत्करली, हा प्रश्न विचारार्ह आहे.

कवी अलेक्झांडर पोप १७१९ मध्ये ट्विकनम येथे राहावयास आला. थेम्सकाठचे घर व उद्यान यांच्यामधून हमरस्ता जात असल्यामुळे त्याने रस्त्याखालून भुयार खोदविले. गुहेचा उगम असा सोयीत होता. पुढे तीत शिंपले व आरशांचे तुकडे बसविण्यात आले. दारे मिटताच नदी, टेकड्या व होड्या यांची प्रतिबिंबे भिंतींवर उमटतात, असे वर्णन त्याने १७२५ मधील एका पत्रात केले आहे. १७३९ मध्ये ब्रिस्टलनजीकचे कडे पाहिल्यावर त्याची दृष्टी पालटली. गुहेला खाणीचे रूप यावे म्हणून त्याने खनिजे जमविली; विल्यम बोर्लेस याने कॉर्नवॉलहून नमुने पाठविले. शोभेचे दालन खनिजसंग्रह बनले.

स्टाउरहेड येथे हेन्री होअर या पेढीवाल्याने १७४८ च्या सुमारास बांधविलेल्या गुहेत निद्रिस्त जलदेवी व नदीदेव यांच्या मूर्ती आहेत. स्टाउर नदीचे खरेखुरे झरे तीतून वाहतात. येथे निसर्गाला अभिजात पुराणकथेचा अर्थ देण्यात आला.

पेन्सहिल येथे चार्ल्स हॅमिल्टनने १७६० नंतरच्या दशकात जोसेफ लेन या कारागिराकडून गुहा करविली. आपल्याकडील लेणे खडक कोरून घडते. येथे उलट, विटा व लाकूड यांच्या सांगाड्यावर स्फटिक चिकटवून लोंबते चुनखडीस्तंभ भासविले आहेत. म्हणून या वास्तूस ‘लेणे’ म्हणणे युक्त नव्हे. कर्जापायी हॅमिल्टनला १७७३ मध्ये उद्यान विकावे लागले. पुढे गुहेचे छतही कोसळले. अलीकडे तिचा जीर्णोद्धार झाला आहे.

सारांश, निसर्ग म्हणजे कोणास भूगर्भाचे ज्ञान, कोणास पुराणकथा, तर कोणास इंद्रियांना पडणारी भूल वाटत होती. बाहेरची हिरवळ व तळे हे मानवी श्रम लपवितात. गुहा ते लपवू शकत नाही. म्हणूनच ‘निसर्ग’ या शब्दाचे तत्कालीन अर्थ शोधणाऱ्यास तिचा पुरावा अधिक मोलाचा ठरतो.