लहरींचा सातबारा

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहाव्याच लागतात. पूर्वेला कोणाचं शेत, पश्चिमेला कोणता ओढा, हे सगळं कागदावर यावं लागतं. अमेरिकेत रेडिओलहरींच्या परवान्यालाही अखेर हीच रीत लागू झाली, पण बऱ्याच भांडणांनंतर.

‘टायटॅनिक’ बुडाली त्याच वर्षी, १९१२मध्ये, तिथे प्रक्षेपणासाठी परवाना सक्तीचा झाला. मात्र अर्ज नाकारायचा अधिकार वाणिज्यमंत्र्याला नाही, असं १९२३मध्ये न्यायालयाने ठरवलं. तीन वर्षांनी शिकागोच्या झेनिथ कंपनीचं केंद्र नेमून दिलेली लहर सोडून कॅनडासाठी राखलेल्या लहरीवर जाऊन बसलं. खटल्यात मंत्रीच हरला. मग काय, ज्याला जिथे जागा दिसेल तिथे तो बोलू लागला! त्या गोंगाटातून १९२७चा रेडिओ कायदा आला आणि १९३४मध्ये एफसीसी हा परवाने देणारा आयोग.

अर्जाचं खरं जोखड कळतं ते एमसीआय या कंपनीच्या गोष्टीतून. शिकागो ते सेंट लुइस रस्त्यावरच्या ट्रकचालकांना वायरलेस संच जास्त विकले जावेत म्हणून जॅक गोकेन यांना मधे मायक्रोवेव्ह मनोरे हवे होते. १९६३च्या अखेरीस अर्ज गेला. बलाढ्य टेलिफोन कंपनी एटी अँड टीने कडाडून विरोध केला. मंजुरी आली ऑगस्ट १९६९मध्ये, तीही चार विरुद्ध तीन मतांनी.

भांडण नसलं तरी काम किचकटच. भूआकाराचे नकाशे पसरायचे, दोन मनोऱ्यांमध्ये पेन्सिलीने रेघ ओढायची, वाटेतल्या टेकड्यांची उंची समोच्च रेषांवरून वाचायची आणि पृथ्वीचा बाक धरून ती आलेखावर मांडायची. त्यानंतर आसपासचे जुने परवानाधारक शोधून आपली लहर त्यांच्या कानात जाणार नाही ना, याचं गणित करायचं. शेजाऱ्यांना कळवून उत्तरासाठी तीस दिवस थांबायचं. संगणक आला तो आधी या गणितासाठी. अर्ज भरण्याची ऑनलाइन सोय एफसीसीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू केली.

पुढची उडी ७० आणि ८० गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत पडली. तिथला झोत इतका अरुंद असतो की शेजाऱ्याला त्याचा त्रास क्वचितच होतो. पावसात मात्र तो लवकर विरतो, म्हणून पल्ला काही किलोमीटरांचाच. आयोगाने २००३मध्ये नवी पद्धत ठरवली: देशभरासाठी एकच परवाना घ्यायचा आणि प्रत्येक जोडणीची नोंद कॉमसर्चसारख्या खासगी नोंदणीदाराकडे ऑनलाइन करायची. २००५पासून नोंदी होऊ लागल्या. आधी नोंद करील त्याला आधी संरक्षण. सरकारी यंत्रणांशी टक्कर होते का, हे संगणकच तपासतो आणि ‘हिरवा’ किंवा ‘पिवळा’ दिवा देतो. पिवळा लागला, की पुढची तपासणी आलीच.

एफसीसीच्या नोंदी कोणालाही पाहता येतात. २०१०नंतर शिकागोचा वायदेबाजार आणि न्यू जर्सीतली शेअरबाजारांची संगणककेंद्रं यांच्यामध्ये मनोऱ्यांच्या रांगा उभ्या राहू लागल्या, कारण काचेच्या तंतूपेक्षा हवेतून निरोप लवकर पोचतो. सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी चाललेली ही शर्यत व्यापाऱ्यांना गुपचूप हवी होती. पण प्रत्येक मनोऱ्याचे अक्षांश-रेखांश परवान्याच्या अर्जात त्यांनी स्वतःच भरलेले होते, आणि ते जोडून अभ्यासकांनी त्यांचे मार्ग नकाशावर काढून दाखवले.